हरलेल्यांच्या घरचं जेवण

दादाच्या पुण्यानुमोदनाला एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत आले. त्यांनी फुलं वाहिली आणि फोटोसमोर उभे राहिले. मागे रांग थांबली तरी ते हलेनात. मग फोटोकडे बघत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "नव्हता बे ऑफसाइड."

मागच्या बायकांना वाटलं, वयाने डोकं फिरलं असेल. मला हसू आलं, आणि दादा गेल्यापासून पहिल्यांदा नीट रडूही आलं. दादा शेवटच्या आजारातसुद्धा सांगत असे की मिलच्या फुटबॉल संघाचा तो दुसरा गोल ऑफसाइड होता. आणि हे, त्या वेळचे मिलचे कॅप्टन, आता फोटोलाही सूट द्यायला तयार नव्हते. इतका मान दुसऱ्या कोणी दिला नाही त्या दिवशी. बाकी सगळे दादाबद्दल चांगलंच बोलत होते.

तेव्हापासून मी हे लिहिते आहे. रोज चार ओळी होतात, कधी तेवढ्याही नाही. घाई करण्यासारखं आता काही उरलेलं नाही. मॅच ऑफसाइड गोलने गेली की चांगल्या गोलने, ते मला कधीच कळलं नाही. मला आठवतं ते त्यानंतरचं जेवण.

दोन्ही संघांना कागदावर लांबलचक इंग्रजी नावं होती. ती सेक्रेटरीलाच पाठ. बाकी सारे म्हणत भट्टी आणि मिल. कोक ओव्हन आणि ब्लास्ट फर्नेसकडचे लोक भट्टीचे, रोलिंग मिलकडचे मिलचे. भिलाईच्या पोलाद प्लांटच्या एका बाजूला लोखंड वाहू लागलं होतं आणि दुसऱ्या बाजूला अजून पाये खोदत होते. सेक्टरांना नंबर, रस्त्यांना नंबर, क्वार्टरांना नंबर. तू कुठला, असं विचारलं तर माणूस केरळ सांगे, बंगाल सांगे, आंध्र, पंजाब, नागपूर सांगे. भिलाई कोणी सांगत नसे. पण भट्टीचा की मिलचा, याचं उत्तर मात्र लगेच मिळे.

मैदान दोघांत एकच होतं, मुरमाचं. गवताचं पातं नाही. पडलं की गुडघ्याची साल जायची. भट्टीवाले ऑइलची रिकामी पिंपं घेऊन बसत आणि आपला गोल झाला की ती बडवत. मिलवाल्यांकडे शिट्ट्या होत्या. मैदान आमच्या क्वार्टरपासून दोन रस्ते पलीकडे होतं, त्यामुळे मॅच बघायला जावं लागत नसे. पिंपं वाजली तर भट्टी, शिट्ट्या वाजल्या तर मिल. घरात बसून कळायचं.

आणि एक रिवाज होता. तो कसा पडला हे दादाकडून ऐकलेलं सांगते. अगदी पहिल्या दिवसांत सगळे एकटे पुरुष होते, तंबूत नाहीतर हॉस्टेलात राहणारे, मेसचं खाऊन कंटाळलेले. त्यांच्यात पैज लागली की जो हरेल त्याने जिंकलेल्यांना जेवू घालायचं. मेसमधून आणून नाही, हरलेल्या कॅप्टनच्या चुलीवर रांधलेलं. कॅप्टन तेव्हा एकटेच असत, म्हणून ते जेवण म्हणजे हॉस्टेलच्या व्हरांड्यात स्टोव्हवर केलेली खिचडी असे. करपलेली, आणि शिव्या देत खाल्लेली. मी सांगते आहे त्या वर्षी दादा भट्टीचा कॅप्टन झाला. दोन्ही संघांत मिळून, ज्याच्या घरी आई आहे असा तो पहिलाच कॅप्टन.

आम्ही मूळचे विदर्भातले. बाबा रेल्वेत, दुर्गच्या लाइनवर गँगमध्ये होते. ते गेले आणि पुढे दादाला प्लांटमध्ये नोकरी लागली, तेव्हा माय आणि मी त्याच्याकडे आलो. मी दुर्गच्या कॉलेजात जात होते. दोन खोल्या, मागे अंगण आणि अंगणात नळ. मायला त्या नळाचं फार होतं. गावात विहिरीपासून दूर उभं राहून, कोणी घागरीत ओतेल याची वाट पाहण्यात तिचं अर्धं वय गेलं होतं. पितळेचा तो नळ ती चिंच आणि राखेने घासायची, भांडी घासावीत तसा.

कॅप्टन झाल्याचं दादाने सांगितलं तेव्हा मायने त्याच्या तोंडावरून हात फिरवला. मग रिवाजाचं कळलं आणि तिचा चेहरा बदलला.

"मिलवाले म्हणजे कोनकोनते लोक?" तिने विचारलं.

"सगळेच आहेत. बंगाली, मद्रासी, सरदार. कॅप्टन आपल्या नागपूरचा आहे, महालातला."

महाल म्हटल्यावर मायने पुढे काही विचारलं नाही. महालातली जुनी घरं वरच्या जातींची, हे विदर्भातल्या माणसाला सांगावं लागत नाही.

"तुमी जिंका म्हंजे झालं," ती म्हणाली.

"जिंकूच न, माय. मिलवाल्याइले बॉल रोल करता येते, मारता येत नाही."

दादाला वाटलं, माय मॅचबद्दल बोलते आहे. मला ठाऊक होतं की तिच्या डोक्यात मुकादम आहे. मी जन्मले तेव्हा बाबांनी त्यांच्या मुकादमाला जेवायला बोलावलं होतं. माणूस चांगला होता, बोलावण्याला नाही म्हणाला नाही. आला, पाटावर बसला, ताटाकडे पाहिलं, आणि पोट बिघडल्याचं सांगून उठला. ते ताट तसंच राहिलं. बाबा त्यानंतर पुष्कळ दिवस घरात बोलले नव्हते, आणि पुन्हा त्यांनी कोणाला जेवायला बोलावलं नाही. आम्ही दीक्षा घेतली, घरातले देव गेले, भिंतीवर बुद्धाची तसबीर आली. पण ते ताट मायच्या डोळ्यांपुढून गेलं नव्हतं. तिला मिलच्या जिंकण्याची भीती नव्हती. माणसं ताटावरून उठतील याची होती. आणि या वेळी ते दादाच्या देखत झालं असतं, त्याच्या सगळ्या संघासमोर.

मॅचच्या आधीच्या आठवड्यात ती जवळच्या उतई गावच्या बाजारातून मातीची नवी भांडी घेऊन आली. उन्हाळ्याची तयारी असेल असं मला वाटलं. हिवाळा चालू होता, पण मी पुस्तकात होते.

मॅच रविवारी सकाळी होती. मी आणि माय घरीच होतो. माय तांदूळ निवडत होती. पहिली पिंपं वाजली. तिचे हात थांबले, ती हसली, पुन्हा निवडू लागली. मग बराच वेळ नुसता गलका. मग शिट्ट्या.

"बराबर झाले," मी म्हणाले.

"मॅच संपाले किती वेळ आहे?"

"थोडाच असेल."

तिने सूप खाली ठेवलं आणि दोन्ही हात मांडीवर घेऊन ऐकत बसली. पुन्हा शिट्ट्या वाजल्या, आणि त्यांच्यावर चढून माणसांचं ओरडणं. ते ओरडणं थांबेना. ऑफसाइडचं भांडण तेव्हाचंच. शेवटी सगळं शांत झालं आणि रस्त्यावरून कोणीतरी सायकलवर ओरडत गेलं, "भट्टी ठंडी पड गई!"

माय उठली आणि मला वाटलं, चूल पेटवेल. तिने आतल्या खोलीतून परात आणली आणि अंगणात ठेवली. परातीत ज्वारीचं पीठ. दुसऱ्या परातीत तांदूळ. तुरीची डाळ, तेल, मीठ, तिखट, हळद, वांगी, कांदे. उतईची कोरी भांडी ओळीने. तीन विटा मांडून बाहेर चूल, शेजारी फोडलेली लाकडं. मग तिने नळावरून हात फिरवला, घासलेला नळ पुन्हा पदराने पुसला आणि मागे सरून ओट्यावर उभी राहिली.

"माय, हे काय करून राहिली?"

"शिधा मांडला."

तेव्हा मला कळलं. गावात वरच्या माणसांना आमच्यासारख्यांकडून काही द्यायचं झालं तर ते असंच द्यायचं. कोरडं. त्यांचं त्यांनी पाणी काढायचं, त्यांचं त्यांनी रांधायचं. भांडीसुद्धा कोरी, आमचं पाणी न लागलेली. गल्लीत इतक्या तऱ्हेची घरं, पण पाहुण्यांपुढे कोरडा शिधा मांडायची चूक आमच्याच घरात होऊ शकत होती.

"कावून पण?" माझा आवाज चढला. "आता कोणी मानत नाही हे."

"तू पुस्तकात वाचलं का?" ती शांतपणे म्हणाली. "नसतीन मानत त बरंच आहे. पन घरी आलेल्या मानसाले खोटं बोलाले लागू नये. पोट बिघडलं म्हनाले लागू नये. त्याचाबी मान राह्यते, आपलाबी राह्यते."

आजही मला वाटतं, तिचं चुकलं होतं. पण त्यात घाबरण्यापेक्षा आतिथ्य जास्त होतं.

तेवढ्यात ते आले. आधी शिट्ट्या, मग सायकली, मग मुरमाने लाल झालेली वीस-बावीस माणसं. हरलेले मागून येत होते. दादा सगळ्यांच्या शेवटी, एका पायाने लंगडत.

"कुठं आहे हारलेल्याइचं घर?" मिलचे कॅप्टन दारातूनच ओरडले. ताडमाड, काळेसावळे, कपाळाला पट्टी. "मावशी, वास नाही येत भाजीचा! तुमच्या लेकाले माहीत होतं का जिंकतो म्हनून?"

मायने पदर सारखा केला. "या बापू. मागं या. सारं मांडून ठेवलं आहे."

ते सगळे अंगणात गेले आणि थांबले. मिलचा गोलकीपर बंगाली होता. त्याने वाकून परातीतले चार दाणे उचलले आणि बोटांत चोळून बघितले. "दादा, ये तो कच्चा है," तो कॅप्टनला अगदी दुःखाने म्हणाला.

दोघेतिघे हसले. कॅप्टन हसले नाहीत. त्यांनी कोरी भांडी बघितली, विटांची चूल बघितली, ओट्यावर भिंतीला पाठ लावून उभी असलेली माय बघितली. महालातल्या माणसाला शिधा समजावून सांगावा लागत नाही. आमच्या दादालाही लागला नाही. तो दारात होता. त्याचा चेहरा असा झाला की मी मान फिरवली.

"मावशी," कॅप्टन म्हणाले, "मॅच कोन जिंकलं?"

"तुमीच जिंकले म्हनतेत."

"मंग हे काय? हारले तुमचे अन् रांधाचं आमी? असा कायदा कोन्या मैदानात आहे?" ते दादाकडे वळले. "काय बे कॅप्टन, हारल्यावरबी चालूपना? तिकडं ऑफसाइड-ऑफसाइड म्हनून रडला, अन् आता घरी आनून आमालेच कामाले लावतं?"

मिलवाले खदखदून हसले.

पण मायला ते हसण्यावारी न्यायचं नव्हतं. ती ओट्यावरून एक पायरी उतरली आणि सरळ विचारलं, "बापू, तुमच्या घरी चालंल का?"

ज्यांना मराठी येत नव्हतं तेही मायकडे बघू लागले. हा प्रश्न तिने पूर्वी कोणाला विचारला नसेल. विचारण्याची वेळच येऊ न देणं हीच तिची रीत होती.

कॅप्टननी लगेच उत्तर दिलं नाही, यासाठी मी त्यांची आभारी आहे. पटकन दिलेलं उत्तर मायला खोटं वाटलं असतं. त्यांनी कपाळाची पट्टी जरा चाचपली.

"घरी नाही चालत, मावशी," ते म्हणाले. "माझ्या आईले मी पाहून घेईन. पन मले आता भूक लागली आहे, ते कोन पाहीन?"

माय त्यांच्याकडे बघत राहिली. मग खाली आली, विटांच्या चुलीपुढे बसली आणि काडी ओढली. नळाखाली तिने कोरं भांडं धरलं. पाणी मातीवर पडलं तसा ओल्या मातीचा वास आला आणि भांडं चर्रकन पाणी प्यालं.

मग जे झालं ते भट्टीच्या हरण्यापेक्षा वाईट होतं. कायदा कायदा म्हणत मिलवाले सतरंजी ओढून भिंतीला टेकून बसले, आणि हरलेल्यांना मायने कामाला लावलं. "तू, कांदे चीर. तू वांगी. तू लाकडं सार." भट्टीचा सेंटर फॉरवर्ड, दिवसभर ओव्हनच्या दारात उभा राहणारा दणकट मल्याळी, कांद्याने घळाघळा रडू लागला.

"देखो देखो! गोल खाया तब नहीं रोया!" गोलकीपर ओरडला.

"वो ऑफसाइड था!" तो रडतच ओरडला.

"माय, कांदे नीट चिराले सांगा त्याले," कॅप्टन म्हणाले, "पायानं चिरल्यासारखे दिसून राहिले."

मावशीची माय कधी झाली ते त्यांच्याही लक्षात आलं नाही.

सगळेच मात्र बसले नाहीत. मिलचा एक फुलबॅक, संघात वयाने सर्वांत मोठा, भाजीला फोडणी पडली तेव्हा उठला. दुपारची ड्यूटी आहे म्हणाला आणि सायकल घेतली. त्या दिवशी त्याची ड्यूटी होती की नव्हती, मला माहीत नाही. मायच्या हातातला पळा जागच्या जागी थांबला. मला वाटलं, आता सगळं पुन्हा पहिल्यासारखं होणार. पण मायने पळा ठेवला, पितळी डबा उतरवला आणि कॅप्टनपुढे आणून ठेवला.

"भाजी झाली की याच्यात भरून देतो. ड्यूटीवरच्या मानसाले उपाशी ठेवू नये. तुमी पोचवा."

कॅप्टन "हो माय" म्हणाले. तो डबा दुसऱ्या दिवशी दादाबरोबर घरी परत आला, घासलेला, रिकामा. आतलं कोणी खाल्लं हे कोणी विचारलं नाही.

पळसाच्या पत्रावळी मांडल्या. भात, वरण, वांग्याची तिखट भाजी, गरम भाकर, जवसाची चटणी. भाजीला मातीचा वास होता आणि भाकरी कडेला करपल्या होत्या, कारण विटांच्या चुलीवर तव्याला सारखी आंच लागत नव्हती. माय वाढत होती. तिची वाढण्याची एक सवय होती, जिच्याकडे माझंही तोवर कधी लक्ष गेलं नव्हतं. ती भाकर वरून सोडायची, हात ताटापासून वीतभर वर ठेवून, कोणाला स्पर्श होऊ नये असा. गोलकीपरला तशीच दिली, सरदाराला तशीच. कॅप्टनच्या पानावर पहिली भाकर तशीच पडली. दुसरीला त्यांनी पत्रावळीवर हात आडवा धरला.

माय थांबली. "पुरे का?"

"नाही. हातात द्या."

तिने दिली. तिची बोटं त्यांच्या तळव्याला लागली. त्यांनी भाकर घेतली, मोडली आणि तोंडात घास असतानाच दादाला म्हणाले, "बे, तुझी माय तुझ्यापेक्षा चांगली पास देते."

दादा हसला. दारातल्या त्या चेहऱ्यानंतर तो पहिल्यांदा हसला, आणि मी त्यानंतर आयुष्यभर त्या पाहुण्याबद्दल कोणाला वाईट बोलू दिलं नाही, दादालासुद्धा नाही. पुढे पुष्कळ वर्षांनी कॅप्टननी दादाला सांगितलं की सुट्टीत नागपूरला गेल्यावर त्यांनी आईला हे सारं सांगितलं. आईने त्यांना दारातच उभं करून डोक्यावरून पाणी घ्यायला लावलं. "घेतलं न," ते म्हणाले होते. "मे महिना होता. बरं वाटलं." त्यांनी ते फार मोठं करून सांगितलं नाही. दोन माणसांना न दुखवता जगायचं तर कधी कधी डोक्यावरून पाणी घ्यावं लागतं, असं त्यांचं म्हणणं असावं.

मिलवाले जेवले ते असे की हरलेल्यांना काही उरलं नाही. वरणाचं भांडंसुद्धा गोलकीपरने भाकरीने पुसलं. ते शिट्ट्या वाजवत गेले तेव्हा ऊन अंगणाच्या भिंतीवर चढलं होतं आणि भट्टीचा अख्खा संघ उपाशी बसला होता. मायने पुन्हा पीठ घेतलं. थकली होती, पण मळताना तिचा हात हलका होता. मी तिच्याजवळ बसून भाकरी उलटत होते. दादा गुडघ्याला हळद लावत होता.

"पुढची मॅच कधी आहे?" मायने विचारलं.

"अजून ठरली नाही. उन्हाळ्याच्या आधी होईन."

"या वेळी जिंका," ती म्हणाली. "जिंकले त तो बापू आपल्याले जेवू घालन न?"

"हो. त्याच्या क्वार्टरवर. एकटा आहे, खिचडी करन. करपलेली."

"करपली त करपली. मलेबी जेवाले याचं आहे."

भट्टीवाले हसू लागले. दादाने तिला समजावलं की जेवण फक्त संघाचं असतं, जे खेळतात त्यांचं.

मायने भाकर थापता थापता मान वर केली. "मंग मले टीममंधी घे न," ती म्हणाली. "आज काय मी बसून होती?"